बिघाडाचा इतिहास : घरगुती वातानुकूलन यंत्र, त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वातानुकूलनाच्या बाबतीतही हेच घडले आहे. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये ब्रुकलिन येथील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यासाठी आर्द्रता नियंत्रणाची योजना तयार केली, तेथून ही कथा सुरू होते आणि घरोघरच्या भिंतीवरील एसीपाशी येऊन थांबते. मात्र कॅरिअर यांच्यापुढे आलेला प्रश्न मुळात माणसाला गारवा देण्याचा नव्हता. दमट हवेत कागद फुगत असे, कोरड्या हवेत आखडत असे आणि त्यामुळे एकावर एक छापले जाणारे रंग जुळत नसत. म्हणजे एका बिघाडावरील उपाय म्हणून हे तंत्र जन्माला आले. पुढील शंभर वर्षांत या यंत्रात जे मोठे बदल झाले, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशीही कोणता ना कोणता बिघाड होता.

प्रस्तुत लेखात घरगुती वातानुकूलन यंत्राच्या इतिहासाकडे त्याच्या नादुरुस्त होणाऱ्या भागांच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. गळणारे सील, निसटणारा वायू, जळणारे वेटोळे, फुगणारा कॅपॅसिटर आणि अलीकडच्या काळात बंद पडणारा सर्किट बोर्ड, हे या इतिहासातील टप्पे होत. प्रत्येक टप्प्यावर उत्पादकाने एक बिघाड नाहीसा केला. परंतु तो खरोखर नाहीसा झाला की केवळ दुसरीकडे सरकला, आणि सरकला असल्यास त्याचा भार कोणाच्या अंगावर पडला, हा प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. या यंत्राची दुरुस्ती करणारा कारागीर आपल्याकडील इतिहासलेखनात जवळजवळ अनुपस्थित आहे, हेही येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

सीलची गळती आणि बंदिस्त कॉम्प्रेसर

यांत्रिक शीतकरणाचे तत्त्व साधे आहे. द्रवरूप शीतक कमी दाबाखाली उकळले की ते भोवतालची उष्णता शोषून घेते. नंतर कॉम्प्रेसरने त्याची वाफ दाबून तिची उष्णता बाहेर टाकली की ते पुन्हा द्रवरूप होते. तेच शीतक पुन्हा पुन्हा फिरत राहते, ते खर्च होत नाही. ही शेवटची गोष्ट आजही ग्राहकाला पटवून देणे कठीण जाते, त्याचा विचार पुढे येईल.

आरंभीच्या यंत्रांत कॉम्प्रेसर आणि मोटर वेगवेगळे असत आणि पट्ट्याने जोडलेले असत. कॉम्प्रेसरचा फिरता दांडा बाहेर यावयाचा म्हणजे त्याच्या भोवती सील हवे आणि फिरत्या दांड्याभोवतीचे सील आज ना उद्या झिजणारच. कारखान्यात अमोनियाची गळती झाली तर तेथील कामगाराला ती वासावरून लगेच कळे. घराच्या स्वयंपाकघरात रात्री झालेली गळती मात्र जिवावर बेतू शकत असे. त्या काळी घरगुती शीतयंत्रांत सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड हे वायू वापरले जात. पहिला इतका उग्र की झोपलेला माणूसही खोकत उठेल, दुसऱ्याला मात्र नाकाला जाणवेल असा वास जवळजवळ नाही. १९२९ मध्ये शिकागो शहरात मिथाइल क्लोराइडच्या गळतीने अनेक मृत्यू झाले आणि विजेवर चालणाऱ्या शीतकपाटावरील लोकांचा विश्वास डळमळला.

या प्रश्नाकडे दोन थोर पदार्थवैज्ञानिकही वळले होते, हे फारसे ज्ञात नाही. सीलमधून झालेल्या विषारी वायूच्या गळतीने बर्लिनमधील एक कुटुंब मृत्युमुखी पडल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइनस्टाइन अस्वस्थ झाले आणि लिओ झिलार्ड यांच्यासह त्यांनी फिरता भागच नसलेल्या शीतयंत्राचा विचार सुरू केला, असे सांगितले जाते. त्यांच्या शीतयंत्राला १९३० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. हे यंत्र बाजारात आले नाही, पण त्यासाठी केलेला विद्युतचुंबकीय पंपाचा विचार पुढे अणुभट्ट्यांत द्रव धातू खेळवण्यासाठी उपयोगी पडला. दांड्याभोवतीच्या सीलवरील उपाय अणुभट्टीपर्यंत पोहोचावा, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

व्यवहारात टिकलेला उपाय निराळा होता. सील गळते, तर सीलची गरजच ठेवू नये. मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच पोलादी कवचात घालून ते कवच कायमचे जोडून टाकावे. या दिशेने मार्सेल ऑदिफ्रेन या फ्रेंच धर्मगुरूने केलेल्या यंत्राचे उत्पादन जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९११ पासून अमेरिकेत केले. त्याच कंपनीने १९२७ मध्ये आणलेल्या मॉनिटर टॉप या शीतकपाटाने बंदिस्त, म्हणजेच हर्मेटिक, कॉम्प्रेसर घराघरांत नेला. पुढे खोलीच्या वातानुकूलन यंत्रातही हाच कॉम्प्रेसर रुळला.

सीलचा बिघाड असा संपला. पण मोटर आता शीतकाच्या वाफेत आणि तेलात बुडालेली होती. तिचे वेटोळे जळाले तर उष्णतेने शीतकाचे आणि तेलाचे विघटन होऊन आम्ले तयार होत आणि ती संपूर्ण नळीमार्गात पसरत. केवळ कॉम्प्रेसर बदलून भागत नसे. मार्ग धुऊन काढला नाही आणि फिल्टर ड्रायर बदलला नाही, तर नवा कॉम्प्रेसरही काही महिन्यांत त्याच आम्लाने जळे. पूर्वी सील बदलणे हे काही तासांचे काम होते. आता यंत्राचा सर्वांत महाग भागच टाकून द्यावा लागू लागला. उत्पादकाच्या दृष्टीने हर्मेटिक कॉम्प्रेसर दुरुस्त करण्याची वस्तूच नव्हती.

भारतीय कारागिराने हे मान्य केले नाही. आपल्याकडील अनेक शहरांतील कार्यशाळांत हर्मेटिक कॉम्प्रेसरचे कवच लेथवर कापून, आतील मोटरला पुन्हा तांब्याची तार गुंडाळून आणि कवच वेल्डिंगने जोडून तोच कॉम्प्रेसर परत बसवला जाऊ लागला. बंदिस्त या शब्दाचा अर्थच या कारागिरांनी बदलून टाकला. अशा रिवाइंडिंग केलेल्या कॉम्प्रेसरचे आयुष्य कमी आणि वीजखर्च अधिक, हे खरे. पण नव्या कॉम्प्रेसरची किंमत आणि मजुरी यांचे आपल्याकडील गुणोत्तर पाश्चात्त्य देशांहून वेगळे होते आणि त्या गुणोत्तरात हा व्यवहार तर्कसंगत होता. त्याकडे केवळ जुगाड म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

निसटणारा वायू

गळती शोधण्याच्या साधनांचा स्वतंत्र इतिहास लिहिता येईल. अमोनिया गळत असेल तर जळती गंधकाची कांडी जवळ नेताच पांढरा धूर उठे. सल्फर डायऑक्साइडसाठी उलट अमोनियात भिजवलेले फडके फिरवीत. १९२८ मध्ये जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन अर्थात सीएफसी हे नवे शीतक शोधले. ते जळत नसे, विषारी नव्हते आणि त्याला वासही नव्हता. १९३० मध्ये मिजली यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीपुढे हा वायू छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. गळती जीवघेणी ठरण्याचे भय त्या एका फुंकरीने दूर झाले. नव्या वायूसाठी नवे साधन आले, ते म्हणजे हॅलाइड टॉर्च. या दिव्याची ज्योत तापलेल्या तांब्यावरून जाते आणि हवेत शीतक असेल तर हिरवी होते. भारतातील जुन्या मेकॅनिकांच्या पेटीत हा दिवा असे. मात्र ज्या ज्योतीत शीतक जळते त्या ज्योतीतच फॉस्जीनसारखे घातक वायूही तयार होतात. म्हणजे निरुपद्रवी वायूची गळती शोधताना कारागीर अल्प प्रमाणात का होईना विष हुंगत होता.

निरुपद्रवीपणाचा एक दूरगामी परिणाम झाला. गळती जीवघेणी असताना ती बंद करणे अनिवार्य होते, गळती निरुपद्रवी झाल्यावर ती सहन करता येऊ लागली. नळी किंचित गळत असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर वायू भरून घ्यावा आणि वर्ष काढावे, हा व्यवहार रूढ झाला. मराठी घरांत आजही ऐकू येणारे 'एसीतला गॅस संपला' हे वाक्य याच व्यवहाराचे अपत्य आहे. गॅस संपत नाही, तो गळतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरशी असलेल्या परिचयातून ही कल्पना दृढ झाली असावी. तिच्यात ग्राहकाची गैरसमजूत आहे तशीच मेकॅनिकची सोयही आहे. गळती शोधून ब्रेझिंग करणे, नायट्रोजनच्या दाबाखाली तपासणे, व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओलावा काढणे आणि मग वजन करून वायू भरणे, ही योग्य पद्धत अर्धा दिवस खाते. नुसता वायू भरणे पाऊण तासात उरकते आणि ग्राहक पैसे वायूचेच देतो, वेळेचे नव्हे.

सहन केलेल्या या गळतीचा हिशेब पुढे आकाशात मांडला गेला. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी सीएफसीमुळे ओझोन थराचा ऱ्हास होतो असे दाखवले. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध केली आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रिअल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला, २००० मध्ये ओझोन ऱ्हासकारी पदार्थांविषयीचे नियम आले आणि २००८ मध्ये देशातील सीएफसीचे उत्पादन ठरलेल्या मुदतीच्या आधी थांबवण्यात आले. येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. सीएफसी मुख्यतः शीतकपाटात असे. खोलीच्या एसीत आर-२२ हे हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन वापरले जाई. त्याची ओझोन ऱ्हासाची क्षमता सीएफसीच्या सुमारे एक-विसांश असली, तरी ते १८०० पटीने कार्बन डायऑक्साइडहून अधिक तापमानवाढकारी आहे. सुरतजवळील भेस्तान येथील कारखान्यातून येणारे मॅफ्रॉन हे नाव भारतीय मेकॅनिकांच्या तोंडी वायूचे सामान्यनाम होऊन बसले होते.

भारतातील आगमन आणि विजेचा प्रश्न

भारतात वातानुकूलन प्रथम सार्वजनिक जागी आले. मुंबईचे रीगल चित्रपटगृह १९३३ मध्ये वातानुकूलित स्वरूपात सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी फ्रंटिअर मेल या गाडीला जोडलेला गार डबा मात्र बर्फाच्या लाद्यांवर अवलंबून होता. शीतकरणाची क्षमता आजही टनात मोजतात, त्यामागे हाच बर्फ आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यास लागणारी उष्णता, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट, हा एक टन होय. दीड टनाचे यंत्र भिंतीला झेपेल का, ही ग्राहकाची विचारणा त्यामुळे हास्यास्पद नसून एका विसरलेल्या बर्फाची खूण आहे.

मुंबईत १९४३ मध्ये मोहन अडवाणी यांनी ब्लू स्टार ही कंपनी सुरू केली, १९५४ मध्ये टाटा सन्स आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या सहकार्यातून व्होल्टास स्थापन झाली. पुढे कॉम्प्रेसरही देशात होऊ लागले. हैदराबादेत श्रीराम उद्योगसमूहाने आणि कऱ्हाड परिसरात किर्लोस्कर व कोपलँड यांच्या सहकार्याने हर्मेटिक कॉम्प्रेसरचे उत्पादन झाले. तरीही घरातील एसी दीर्घकाळ चैनीची वस्तू राहिली आणि करआकारणीनेही तिला तसेच वागवले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा एसीवर सर्वोच्च २८ टक्के दर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला.

परदेशी आराखड्यानुसार बनलेल्या या यंत्राची गाठ आपल्याकडील विजेशी पडली. प्रवर्तन मोटरचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरले की जोर सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटतो, मोटर अधिक प्रवाह ओढते, तापते आणि अखेर तिचे वेटोळे जळते. म्हणून स्टॅबिलायझर ही वस्तू भारतीय घरात एसीची सोबतीण झाली. १९७७ मध्ये केरळात व्ही-गार्ड ही कंपनी स्टॅबिलायझरच्याच उत्पादनासाठी निघाली, यावरून त्या गरजेची व्याप्ती ध्यानी यावी.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमनाने आणखी एका बिघाडाची ओळख करून दिली. कॉम्प्रेसर थांबल्यावर उच्च दाबाची आणि कमी दाबाची बाजू समान होण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. वीज गेली आणि क्षणात परत आली तर कॉम्प्रेसरला भरलेल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते. तो फिरत नाही, नुसता घुमतो आणि ओव्हरलोडची द्विधातू चकती खट् आवाज करून वीज तोडते. हे पुन्हा पुन्हा घडले की यंत्र जायबंदी होते. स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा विलंब घालण्याची पद्धत यावरचाच उपाय होय. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा किंवा लाकडी भुशाच्या जाळ्यांचा कूलर चालतो आणि त्यात बिघडण्यासारखे फार काही नसते. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत तो निरुपयोगी ठरतो आणि तेथील खारी हवा एसीच्या कंडेन्सरचे ॲल्युमिनियमचे पंख खाऊन टाकते. एकाच राज्यात यंत्राच्या बिघाडाचा भूगोल असा दुभंगलेला आहे.

खिडकीतून भिंतीवर

खिडकीत बसवावयाच्या एसीचा संपूर्ण वायुमार्ग कारखान्यात ब्रेझिंगने जोडलेला आणि वायूने भरलेला असे. घरी येणाऱ्या मेकॅनिकने तो चौकटीत बसवून वीज जोडली की काम संपे. दोन भागांचा स्प्लिट एसी जपानमध्ये १९६० च्या दशकात पुढे आला आणि भारतीय घरांत एकविसाव्या शतकात त्याने खिडकीतल्या यंत्राला मागे टाकले. आवाज कमी, खिडकी मोकळी, असे त्याचे लाभ सर्वांना दिसले. एक बदल मात्र चर्चेत आला नाही. स्प्लिट एसीचा वायुमार्ग कारखान्यात पूर्ण होत नाही. तो ग्राहकाच्या भिंतीवर, तांब्याच्या नळीची टोके फ्लेअर करून आणि पितळी नट आवळून, मेकॅनिकच्या हाताने पूर्ण होतो. उत्पादनाची शेवटची आणि सर्वांत नाजूक पायरी असेंब्ली लाइनवरून उचलून शिडीवर उभ्या असलेल्या माणसाकडे देण्यात आली.

त्यामुळे गळतीची जागा बदलली. फ्लेअर कमी आवळला तर वायू गळतो, जास्त आवळला तर तांबे चिरते. टॉर्क पाना वापरण्याची शिफारस माहितीपुस्तिकेत असते, पिशवीत क्वचितच असते. नळीतील हवा व्हॅक्यूम पंपाने काढण्याऐवजी थोडा वायू सोडून 'पर्ज' करण्याची रीत आर-२२ च्या काळात चालून गेली. आर-४१०ए हे मिश्रण आले तेव्हा ती चालेनाशी झाली. या वायूचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो आणि त्यासोबत वापरावयाचे पॉलिओलेस्टर तेल हवेतील ओलावा झपाट्याने ओढून घेते. ओले झालेले तेल विघटन पावते आणि गाळ केशिका नळीत अडकतो. मेकॅनिक त्याला 'चोक' म्हणतो. चोक दिसतो केशिकेत, पण त्याचे कारण बसवणीच्या दिवशी वाचवलेल्या वीस मिनिटांत असते.

दुसरीकडे कॉइलही बदलत गेली. केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना २००६ मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली आणि २०१० मध्ये खोलीच्या एसीला अनिवार्य झाली. कमी विजेत अधिक गारवा मिळवण्यासाठी उत्पादकांनी नळ्या बारीक आणि पातळ केल्या. पातळ भिंतीला गंज लवकर भोक पाडतो. त्यातील एका प्रकाराला मुंग्यांच्या वारुळाचे नाव मिळाले आहे. रंग, गोंद, लाकूड, स्वच्छतेची द्रव्ये यांतून निघणाऱ्या फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लांमुळे ओलसर तांब्यात वारुळातल्या वाटांसारखी सूक्ष्म बोगद्यांची जाळी तयार होते. डोळ्यांना काही दिसत नाही, साबणाचा फेसही अनेकदा बुडबुडा दाखवत नाही आणि वायू मात्र जातो. नाल्याकाठच्या वस्तीत हायड्रोजन सल्फाइडमुळे तांबे काळे पडून झिजते, ते वेगळेच. अशा वेळी ग्राहक मेकॅनिकला लबाड ठरवतो आणि मेकॅनिक कंपनीला. दोष मात्र त्या दोघांच्या आवाक्याबाहेरचा असतो.

फुगणारा डबा आणि बंद पडणारा बोर्ड

घरगुती एसीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वारंवार जाणारा भाग म्हणजे कॅपॅसिटर. एकफेजी विजेवर मोटर आपोआप फिरू लागत नाही, तिला कलांतर लागते आणि ते हा डबा पुरवतो. तो कमजोर झाला की पंखा चालतो, कॉम्प्रेसर घुमतो, पण गारवा येत नाही. डब्याचे झाकण फुगलेले दिसले की निदान झाले. हे फुगणे दोष नसून योजना आहे. आतील दाब वाढला की झाकण वर उचलले जाते आणि आतील जोडणी तुटते, जेणेकरून डबा फुटू नये. या साध्या भागाचाही एक काळा अध्याय आहे. १९७० च्या दशकापर्यंत असे अनेक कॅपॅसिटर पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, या तेलाने भरलेले असत. हे द्रव्य निसर्गात नष्ट होत नाही आणि प्राण्यांच्या चरबीत साठते. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी आली आणि धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिप्रॉपिलीन पटलाचे कॅपॅसिटर सर्वत्र रूढ झाले.

भाषेचा खेळ असा की एक पीसीबी एसीतून गेला आणि त्याच नावाने दुसरा आला. जपानमध्ये १९८०-८१ या काळात तोशिबाने इन्व्हर्टर एसी बाजारात आणला. त्यात कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलतो, म्हणून सुरू-बंद होण्याचा धक्का नाही आणि वीजही कमी. भारतात २०१८ पासून तारांकनाची नवी मोजणी इन्व्हर्टर आणि स्थिरगती यंत्रांना एकाच मापाने मोजू लागली आणि बाजार इन्व्हर्टरकडे वळला. जुना फुगणारा डबा, रिले आणि थर्मोस्टॅट जाऊन त्यांच्या जागी प्रिंटेड सर्किट बोर्ड बसला. बाहेरील भागातील हा बोर्ड विजेचा झटका, पावसाळी ओल, मुंग्या आणि उबेला येऊन बसणारी पाल यांना बळी पडतो. त्यावरील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीस साधारण निम्मे होते आणि मुंबईच्या गच्चीवरील मे महिन्यात हा बोर्ड कोणत्या तापमानात असतो हे वेगळे सांगावयास नको.

कॅपॅसिटर बदलण्यास मल्टिमीटर आणि दहा मिनिटे पुरत. बोर्डाच्या बाबतीत कंपनीचा सेवा-प्रतिनिधी पडद्यावरील सांकेतिक अंक वाचतो आणि संपूर्ण बोर्ड बदलावयास सांगतो. त्यावरील एकच सुटा भाग जळलेला असला तरी आराखडा उपलब्ध नसल्याने तो शोधणे अवघड जाते. तरीही ही कला लोपलेली नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात आणि लहान शहरांतील टीव्ही दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत एसीचे बोर्ड दुरुस्त होतात. एकेकाळी कॉम्प्रेसरचे कवच कापणाऱ्या लेथची जागा तेथे भिंगाने आणि सोल्डरिंगच्या लेखणीने घेतली आहे.

कारागिराच्या अंगावरील भार

आयटीआयमधील शीतकरण व वातानुकूलन मेकॅनिक हा व्यवसाय-अभ्यासक्रम जुना आहे. मात्र या क्षेत्रातील मोठा वर्ग उस्तादाच्या हाताखाली शिकला. सीएफसी निर्मूलनाच्या निमित्ताने या वर्गासाठी देशव्यापी प्रशिक्षण प्रथमच राबवले गेले आणि मार्च २०१९ मधील भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख मेकॅनिकांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. प्रशिक्षणाची निकड ओझोनपुरती नाही. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिल्यानंतर आर-४१०ए सारखे तापमानवाढकारी वायूही टप्प्याटप्प्याने मागे पडणार हे निश्चित झाले. त्यांच्या जागी आलेला आर-३२ मंद ज्वलनशील आहे. गोदरेजने २०१२ मध्ये भारतात आणलेल्या एसीतील आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच, तापमानवाढीच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष आणि ज्वलनाच्या दृष्टीने स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ.

नव्वद वर्षांपूर्वी मिजलींच्या फुंकरीने घालवलेले आगीचे भय अशा रीतीने परत आले आहे. ते परत आले आहे ते ग्राहकापेक्षा अधिक मेकॅनिकसाठी. वायू भरलेल्या यंत्रात ब्रेझिंगची ज्योत लावणे आर-२२ च्या काळात चुकीचे होते, आता ते स्फोटक होऊ शकते. नायट्रोजन नाही म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरने दाब तपासण्याची घातक सवय तेलाशी गाठ पडताच स्फोट घडवते. वायू बाहेरील भागात गोळा करताना नळीतून हवा आत शिरली तर तेल आणि हवा यांचे मिश्रण दाबाने पेटून कॉम्प्रेसर फुटतो आणि याविषयी जपानमध्ये वेळोवेळी इशारे दिले गेले आहेत. त्यात बहुमजली इमारतीच्या बाहेर लोखंडी कंसावर, अनेकदा पट्ट्याविना, उभे राहून हे काम करावे लागते. आराखडा काढणाऱ्याने बाहेरील भागापर्यंत पोहोचण्याची वाट ठेवलेली नसते, कारण त्याच्या लेखी यंत्र बिघडणारच नसते.

या पार्श्वभूमीवर ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. गृहोपयोगी टिकाऊ वस्तू त्यात समाविष्ट आहेत. तेथील विचार प्रामुख्याने ग्राहकाच्या अंगाने झालेला दिसतो. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि आराखडे हे स्वतंत्र मेकॅनिकच्या हाती किती पडतात, यावर त्याचे फलित अवलंबून राहील.

दरम्यान आर-२२ भरलेली जुनी यंत्रे घराघरांत चालू आहेत. नव्या यंत्रांच्या उत्पादनातून हा वायू भारतात २०२५ च्या आरंभी बाद झाला आणि २०३० मध्ये त्याचा वापर मॉन्ट्रिअल कराराच्या वेळापत्रकानुसार संपणार आहे. केवळ दुरुस्तीसाठी अडीच टक्क्यांचा अपवाद २०४० पर्यंत ठेवलेला आहे. तोवर मोडीत निघालेल्या एका खिडकी-एसीतून दुसऱ्यासाठी वायू काढून घेण्याचे काम, म्हणजे पुनर्प्राप्ती, हे मेकॅनिकच्याच हाती आहे. त्यासाठी लागणारे पुनर्प्राप्ती यंत्र बहुतांश लहान दुकानांत नाही आणि तेथे भंगाराकडे निघालेल्या यंत्राची नळी आजही बहुधा हवेतच कापली जाते.